लिनक्स टाकायला लॅपटॉप घेताना आतली चिप कशी बघायची

नवीन लॅपटॉपवर जी सिस्टीम आधीपासून टाकलेली येते तिचे सगळे ड्रायव्हर, म्हणजे एकेक पार्ट चालवणारे छोटे प्रोग्रॅम, कंपनीने स्वतः बसवून, तपासून दिलेले असतात. तुम्ही ती पुसून लिनक्स टाकलंत, किंवा फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी अशी दुसरी एखादी मोफत सिस्टीम, की कंपनीचा त्या बाबतीतला संबंध संपला. मग वायफाय चालणार का, झाकण मिटल्यावर मशीन झोपणार का, आवाज येणार का, हे सगळं एकाच गोष्टीवर ठरतं, आत बसलेल्या त्या नेमक्या चिपचा ड्रायव्हर कोणीतरी लिहून कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, घातलाय का. म्हणून लॅपटॉप निवडायची पद्धतच बदलते, प्रोसेसर आणि रॅम बघून घेतला असं करून चालत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच जण पहिल्यांदाच लिनक्सकडे वळतायत आणि जुना किंवा वापरलेला लॅपटॉप घ्यायचा विचार करतायत. त्यांच्यासाठीच हे लिहितोय, घाई करू नका, क्रमाने जाऊया.

आधी सिस्टीम ठरवा, मग मशीन

हे उलटं करणारे खूप असतात, लॅपटॉप आवडला म्हणून घेतला आणि मग त्याच्यावर काय चालतंय ते शोधत बसले. लिनक्स टाकणार असाल तर तुमच्याकडे सगळ्यात जास्त चॉइस आहे. फ्रीबीएसडीला कमी, ओपनबीएसडीला त्याहून कमी. ओपनबीएसडीमधून ब्लूटूथ २०१४ मध्येच काढून टाकलंय, आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक्सला तिथे ड्रायव्हर नाही, म्हणजे ब्लूटूथचे हेडफोन रोज लागत असतील तर तो विषय तिथेच संपला, मग मशीन कितीही चांगलं असो. फ्रीबीएसडीला एनव्हिडियाचा ड्रायव्हर मिळतो, तिथली खरी अडचण वायफायची असते.

लिनक्समध्येसुद्धा कुठला डिस्ट्रो, म्हणजे डेबियन, फेडोरा असा लिनक्सचा कुठला प्रकार, हे आधीच ठरवा, कारण प्रत्येकाच्या कर्नलचं वय वेगळं असतं आणि या सगळ्या भानगडीत कर्नलचं वय फार महत्त्वाचं आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आला, त्यात कर्नल ६.१ आहे. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आला, त्यात ६.१२. फेडोरा किंवा आर्चमध्ये कर्नल सतत नवीन येत राहतो. आता समजा लॅपटॉप २०२४ च्या शेवटी बाजारात आलाय आणि तुम्ही त्याच्यावर डेबियन १२ टाकताय, तर त्या कर्नलचा पाया रचला तेव्हा हे हार्डवेअर अस्तित्वातच नव्हतं, त्याला ते ओळखू येणार कुठून. स्क्रीन चालेल पण अडखळत, वायफाय दिसणारच नाही, आणि नवीन माणसाला वाटतं लिनक्सच खराब आहे.

माझा साधा नियम असा, लॅपटॉप तुमच्या कर्नलपेक्षा किमान वर्षभर जुना हवा. पहिलाच लॅपटॉप असेल तर दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल घ्या, तोपर्यंत त्याच्या अडचणी कोणीतरी सोसलेल्या असतात आणि सोडवलेल्याही असतात. फार जुनंही नको, ३२ बिटचा प्रोसेसर असलेला तर अजिबातच नको, डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलंय.

कुठली सिरीज

बिझनेस सिरीजचे बघा. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. कारण असं की ही मॉडेल्स मोठ्या कंपन्या हजारोंनी घेतात, त्यांच्यात पार्ट फारसे बदलत नाहीत, उघडायला सोपी असतात, रिपेअरची माहिती पुस्तिका उघडपणे मिळते, आणि कर्नलवर काम करणारे बरेच लोक हेच वापरतात. ज्याच्या टेबलावर ते मशीन आहे तोच त्याचा बग दुरुस्त करतो, इतकं सरळ आहे. ओपनबीएसडी बनवणाऱ्यांमध्ये तर थिंकपॅड वापरणारे खूपच आहेत.

अजून एक फायदा, लेनोवो, डेल, एचपी यांच्या बऱ्याच बिझनेस मॉडेल्सचे बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट लिनक्समधूनच एफडब्ल्यूअपडी नावाच्या टूलने करता येतात. विंडोज पुसल्यावर बायोस अपडेट कसा करायचा हा प्रश्न मग उरत नाही, घेण्याआधी एवढं नक्की बघा की तुमचं मॉडेल एफडब्ल्यूअपडीला चालणाऱ्या मॉडेल्समध्ये आहे का.

उदाहरण म्हणून थिंकपॅड टी४८० घ्या, २०१८ चं मॉडेल, आठव्या पिढीचा इंटेल, रॅमचे दोन स्लॉट, एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी. आतली चालू असताना बाहेरची बदलली तरी मशीन बंद होत नाही. त्याच वर्षीच्या टी४८०एसमध्ये थोडी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आणि एकच स्लॉट, बाहेरची बॅटरी नाहीच. नावात फक्त एक एस जास्त, आणि मशीन पार वेगळं. एक्स१ कार्बनमध्ये तर सगळीच रॅम सोल्डर केलेली, म्हणजे आज घेतली तेवढीच कायम. म्हणून विकणारा नुसतं "थिंकपॅड आहे, आय५ आहे" म्हणाला तर ती माहितीच नाही असं समजा. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, लेनोवोवर तो मशीन टाइप आणि मॉडेल मिळून दहा अक्षर-आकड्यांचा असतो, त्याचा फोटो मागा, आणि त्या नंबरवरून कंपनीच्या साईटवर नेमके कुठले पार्ट आत आहेत ते बघा.

वायफाय, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

हा भाग जरा सविस्तर सांगतो कारण बाकी काही नाही चाललं तरी निभावतं पण नेट नाही तर अपडेटही नाही आणि ड्रायव्हरही नाही.

माझ्या बाबतीत झालेलं सांगतो. एक लॅपटॉप घेतला, घ्यायच्या आधी त्याच मॉडेलचे तीन-चार रिव्ह्यू वाचले होते, सगळ्यांनी लिहिलेलं की लिनक्स मस्त चालतं, वायफाय पहिल्या मिनिटापासून. माझ्याकडे आला तो चालू केला तर नेटवर्कच्या मेनूमध्ये वायफायचं नावच नाही. दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं की कंपनीने मधल्या काळात त्याच मॉडेलमध्ये दुसऱ्याच कंपनीचं वायफाय कार्ड बसवायला सुरुवात केली होती, नाव तेच, रंग तोच, आतली चिप वेगळी. तेव्हापासून मी मॉडेलवर विश्वास ठेवत नाही, चिपचा नंबर बघतो.

इंटेलची वायफाय कार्डं सगळ्यात बिनघोर, एएक्स२००, एएक्स२१० ही लिनक्सवर सरळ चालतात, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये बरेचदा मीडियाटेकचं एमटी७९२१ मिळतं, त्याचा ड्रायव्हर कर्नल ५.१२ पासून आहे, म्हणजे आजच्या कुठल्याही डिस्ट्रोवर चालायला हवं. रियलटेकचं चिपवर अवलंबून आहे, काही नीट चालतात काहींना नवीन कर्नल लागतो, म्हणून नेमका नंबर बघितल्याशिवाय हो म्हणू नका. ब्रॉडकॉम असेल तर नवीन माणसाने टाळावं असंच मी सांगेन, बऱ्याच चिप्सना वेगळा बंद ड्रायव्हर लागतो आणि कर्नल बदलला की तो रुसायची भीती.

कार्ड बदलता येतं का हेही बघा. स्लॉटमध्ये बसवलेलं छोटं कार्ड असतं, २२ बाय ३० मिलिमीटरचं, एक स्क्रू काढायचा, अँटेनाच्या दोन बारीक वायरी अलगद वर उचलायच्या, नवीन कार्ड तिरकं घालून खाली दाबायचं, वायरी परत लावायच्या. वायरी लावताना हाताला टिक असं जाणवलं पाहिजे, जोर लावलात तर ती पितळी टोपी वाकते. पण एक लक्षात ठेवा, एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं दिसायला तशीच असली तरी त्यांचं अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसरमध्येच होतं, त्यामुळे एएमडीच्या मशीनमध्ये ती चालत नाहीत, तिथे एएक्स२१० घ्यायचं. खूप पातळ लॅपटॉपमध्ये वायफाय बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं, तिथे बदलायचा विषय नाही. आणि काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं कार्ड घातलं की मशीन सुरूच होत नाही, ते आधी शोधून घ्या.

ओपनबीएसडीवाल्यांनी हे जास्तच जपावं, वायफायचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चढवायचं सॉफ्टवेअर, तिथे इन्स्टॉलरबरोबर येत नाही, नेटवरून उतरवावं लागतं. म्हणजे वायफाय चालवायला आधी नेट हवं. इथे लॅनचं पोर्ट असलेला लॅपटॉप खूप कामाला येतो, नाहीतर फोन वायरने जोडून त्याचं नेट वापरावं लागतं. डेबियनने मात्र १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, आधी तिथेही हाच ताप होता.

ग्राफिक्स

इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स घ्या आणि पुढे चला. लिनक्समध्ये दोन्हीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, काही टाकावं लागत नाही. एनव्हिडिया हवंच असेल, म्हणजे गेम किंवा तसलं काम असेल, तर लिनक्सवर चालतं पण ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं बायोसचं सेटिंग) चालू असेल तर त्या ड्रायव्हरवर सही करायची जास्तीची पायरी येते, आणि लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स एकत्र असले की बाहेरचा मॉनिटर कुठल्या चिपला जोडलाय यावरून डोकेदुखी होते. पहिल्या मशीनला हे नकोच.

झोप

झाकण मिटलं की मशीन झोपलं पाहिजे आणि उघडलं की उठलं पाहिजे, ऐकायला साधं आहे पण लॅपटॉप परत करायची सगळ्यात जास्त वेळ इथेच येते. जुनी पद्धत होती एस३, त्यात रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद होतं. मग मॉडर्न स्टँडबाय नावाची नवीन पद्धत आली, फोनसारखी, त्यात मशीन पूर्ण बंद न होता अगदी कमी विजेवर राहतं. ती नीट जमली तर छान, पण त्यासाठी आतला प्रत्येक पार्ट वेळेवर झोपावा लागतो, एखादा जागा राहिला की बॅगेत लॅपटॉप तापतो आणि काढाल तेव्हा बॅटरी संपलेली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस३ काढूनच टाकलंय.

तपासायचं कसं, लिनक्समध्ये सिस फोल्डरच्या आत पॉवर, त्याच्या आत मेम अंडरस्कोर स्लीप नावाची फाईल असते, ती वाचा. त्यात "डीप" हा शब्द दिसला तर एस३ आहे, फक्त "एस२आयडल" दिसलं तर नवीन पद्धतच आहे. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट म्हणून सेटिंग असतं, तिथे लिनक्सचा पर्याय निवडला की एस३ मिळतं.

बारीकसारीक

फिंगरप्रिंट रीडर चालला तर बोनस समजा, लिबएफप्रिंट या प्रोजेक्टची चालणाऱ्या रीडरची यादी आहे ती बघा. वेबकॅम शक्यतो यूएसबीवर जोडलेला साधा हवा, तो कुठेही चालतो, पण अलीकडच्या काही पातळ इंटेल लॅपटॉपमध्ये इंटेलच्याच आयपीयू६ या चित्र प्रोसेस करणाऱ्या भागावर चालणारा कॅमेरा असतो, त्याने खूप जणांना रडवलंय, रोज व्हिडिओ कॉल असतील तर हे आधी बघा. स्पीकरचा आवाज काही नवीन मॉडेल्सवर अगदी बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो कारण स्पीकरच्या ॲम्प्लिफायर चिपला वेगळं फर्मवेअर लागतं, हेडफोन लावले की ठीक वाटतं म्हणून टेस्ट करताना हेडफोन काढून ऐका.

आणि हे तीन पहिल्या मशीनला टाळा. एक, ॲपलचे मॅक. २०१८ ते २०२० च्या टी२ चिपवाल्यांना वेगळा पॅच केलेला कर्नल लागतो, आणि एम सिरीजमध्ये 'असाही लिनक्स' (ॲपलच्या चिपवर लिनक्स चालवणारा प्रोजेक्ट) रोजच्या वापराइतका पोचलाय तो एम१ आणि एम२ वर, काम अप्रतिम आहे त्या लोकांचं पण सुरुवात तिथून करू नका. दोन, स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले विंडोज लॅपटॉप, तिथे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी हार्डवेअरची वर्णन फाईल कर्नलला द्यावी लागते, तुमच्या मॉडेलची नसेल तर गाडी तिथेच थांबली. तीन, क्रोमबुक, त्यात बरेचदा फर्मवेअरच बदलावं लागतं.

शोधायचं कसं

लिनक्स हार्डवेअर नावाचा प्रोजेक्ट आहे, तिथे लोक आपल्या मशीनचा पूर्ण रिपोर्ट टाकतात, कुठली चिप, चालली की नाही. बीएसडीसाठी त्यांचंच बीएसडी हार्डवेअर वेगळं आहे. आर्चच्या विकीमध्ये बऱ्याच लॅपटॉपची स्वतंत्र पानं आहेत, तुम्ही आर्च वापरत नसलात तरी ती वाचा, अडचणी त्याच असतात. उबंटूची सर्टिफाइड यादी चांगली आहे, फक्त त्यातलं बारीक अक्षर वाचा, काही मॉडेल्स कंपनीने टाकून दिलेल्या खास उबंटूवरच पास झालेली असतात.

रिपोर्टमध्ये चिपचा आयडी बघायला शिका, दोन भागांचा असतो, पहिला कंपनीचा. इंटेलचा ८०८६, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा, रियलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, मीडियाटेकचा १४सी३. दुसरा भाग नेमक्या चिपचा. हा पूर्ण आयडी आणि डिस्ट्रोचं नाव टाकून शोधलंत तर जे सापडतं ते लॅपटॉपच्या नावाने शोधून कधीच सापडत नाही.

घेण्याआधी अर्धा तास हातात मागा

एक पेनड्राइव्ह तयार ठेवा, व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टीम सुरू करणारं टूल) टाकलेला, त्यात तुम्ही वापरणार त्या डिस्ट्रोची लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, फाईल कॉपी करा आणि एक फेडोराचीही, म्हणजे एकात चाललं नाही तर नवीन कर्नलवर चालतं का ते कळेल. मग त्या मशीनवर हे करा.

आधी बायोसमध्ये जा. पासवर्ड विचारला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर तिथेच थांबा, ऑफिसातून निघालेल्या मशीनवर हे खूप असतं आणि बिझनेस मॉडेल्सचा बायोस पासवर्ड सहजी निघत नाही, पेनड्राइव्हवरून बूटसुद्धा कदाचित करता येणार नाही. सिक्युअर बूट चालू असतानाही उबंटू, फेडोरा, डेबियन चालतात, फक्त २०२२ नंतरच्या काही मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या थर्ड पार्टी सर्टिफिकेटला परवानगी द्यायचं एक सेटिंग चालू करावं लागतं. व्हेंटॉयला पहिल्यांदा परवानगी द्यायची स्क्रीन येते, झेपत नसेल तर टेस्टपुरतं सिक्युअर बूट बंद ठेवा, बीएसडी टाकणार असाल तर बंदच करावं लागेल.

मग पेनड्राइव्हवरून सुरू करा, काही इन्स्टॉल करायचं नाही. वायफायला जोडा आणि पाच मिनिटं काहीतरी मोठं डाऊनलोड चालू ठेवा, मध्येच तुटतं का बघा. त्याच वेळी व्हिडिओ लावा, आवाज ऐका, ब्राइटनेसच्या कळा दाबा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवा, प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये माऊस लावून बघा, टाइप सी पोर्टला चार्जर. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय कमांड, पुढे स्पेस देऊन हायफन आणि चिकटून एन एन के, सगळं लहान अक्षरात. जी यादी येईल तिचा फोटो काढा. वायफाय, ग्राफिक्स, आवाज अशा मुख्य चिपखाली "ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ असायला हवी, वायफायखाली ती नसेल तर कारण तिथेच कळलं.

आता झाकण मिटा. फॅनचा आवाज थांबला पाहिजे, लाईट हळूहळू उघडमीट करायला लागला पाहिजे. पाच मिनिटं थांबा, खरंच पाच, घड्याळ लावून. तळाला हात लावा, गार पडत चाललंय का. मग उघडा. स्क्रीन काळीच राहिली, किंवा आली पण वायफाय परत आलं नाही, तर तो लॅपटॉप मला नको. हे तीनदा करा, कारण पहिल्यांदा उठणारं मशीन तिसऱ्यांदा आडवं पडतं हे मी पाहिलंय.

वापरलेला असेल तर बॅटरीसाठी यूपॉवर ही कमांड हायफन डी लावून चालवा, त्यात "एनर्जी फुल" आणि "एनर्जी फुल डिझाइन" असे दोन आकडे असतात. डिझाइन २४ आणि फुल १२ आलं तर बॅटरी निम्मी संपलीये, आणि आतली बॅटरी असेल तर ती बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

टाकण्याआधी

विंडोज लगेच पुसू नका. आधी त्याच्यातूनच बायोस अपडेट करून घ्या. दोन्ही सिस्टीम ठेवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की दुसऱ्या जागी लिहून ठेवा, बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती की नसेल तर आतला डेटा गेला. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका, बायोसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटी किंवा रेड (RAID) मोडवर असेल, ते एएचसीआय करायचं. विंडोज ठेवणार असाल तर हे बदलण्याआधी त्याची तयारी करून घ्या, नाहीतर ते सुरू होणार नाही.

इन्स्टॉल झालं की पहिल्याच रात्री बॅटरी पूर्ण भरा, चार्जर काढा, झाकण मिटून ठेवा आणि सकाळी किती उरली ते बघा. आठ तासांत पाच-सहा टक्के गेली तर मी ठीक म्हणतो, वीस-पंचवीस गेली तर परत करायची मुदत असेपर्यंतच निर्णय घ्या. आणि सगळं नीट चाललं असो वा नसो, एचडब्ल्यू प्रोब हे रिपोर्ट बनवणारं टूल चालवून तुमचा रिपोर्ट लिनक्स हार्डवेअरवर टाका, स्टिकरवरच्या पूर्ण मॉडेल नंबरसकट, काय चाललं नाही तेही लिहा. तोच लॅपटॉप घ्यायचा विचार करणारं कोणीतरी तो नंबर आत्ता शोधत असेल.